न दिसणारा सांधा

म्हैसूरचा ‘आयडियल जावा’ कारखाना १९९६ साली बंद पडला. परंतु तेथून बाहेर पडलेल्या जावा आणि येझ्दी मोटारसायकली आपल्या उपनगरांत अजूनही अधूनमधून दृष्टीस पडतात. कुणाला ती वडिलांकडून लाभलेली असते, कुणी भंगारातून सोडवून आणलेली. २०१८ मध्ये जावा हे नाव पुन्हा बाजारात आले खरे, पण नव्या गाडीचे भाग जुनीला चालत नाहीत. हँडलवरचा ब्रेकचा लिव्हर मोडला किंवा वायर तुटली की लहानशा वर्कशॉपची पायरी चढावी लागते आणि तो भाग हाताने घडवून घ्यावा लागतो. या साध्या व्यवहारात एक नैतिक प्रश्न दडलेला आहे, असे आम्हांस वाटते.

भाग घडतो कसा, ते आधी पाहू. जुना लिव्हर वाळूत दाबून साचा करतात व त्यात वितळलेले अ‍ॅल्युमिनियम ओततात. थंड होताना हा धातू शेकडा एकाहून किंचित अधिक आकसतो. त्यामुळे नकलेवरून नक्कल काढत गेल्यास प्रत्येक पिढी आधीच्या पिढीहून खुजी निघते. (काही घराण्यांची येथे आठवण व्हावी, पण तो विषय निराळा!) ओतकामात हवेची भोके राहिली, तर पॉलिशखाली ती झाकली जातात. वायरीचेही तसेच. पोलादी तारेचे टोक पितळी निपलमधून बाहेर काढावे, त्याचे पदर फुलासारखे उलगडावेत, ते स्वच्छ करावेत आणि कथील-शिशाचा डाख आतपर्यंत मुरू द्यावा, ही खरी रीत. घाईचा कारागीर तार सरळच ठेवतो व वरून डाखाचा ठिपका देतो. कानस फिरली की दोन्ही निपल जुळ्या भावांसारखे दिसतात. फरक कळतो तो एखाद्या दिवशी ब्रेक करकचून दाबल्यावर.

नव्या भागावर बंद पडलेल्या कारखान्याचा शिक्का उमटवून तो जुना म्हणून विकणे ही उघड खोटी साक्ष आहे. आठवी आज्ञा ठाऊक असलेल्या वाचकाला याहून अधिक सांगायला नको.

कठीण प्रश्न पुढचा आहे. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी विक्रेत्याच्या कर्तव्याचा विचार करताना एका डोळ्याच्या घोड्याचे उदाहरण घेतले. असा दोष उघड असतो; किंमत तेवढी उतरवली तर तो बोलून दाखवलाच पाहिजे असे नाही. मात्र जो दोष झाकलेला आहे आणि ज्यामुळे घेणाऱ्याचे नुकसान वा घात होईल, तो सांगितलाच पाहिजे. आता समजा, कारागिराने प्रामाणिकपणे सांगितले, “साहेब, हा लिव्हर ओतीव आहे, आतून कसा असेल याचा भरवसा देत नाही.” गिऱ्हाईक म्हणाले, “असू द्या, दिसतो तर जुन्यासारखा!” कारागीर मोकळा झाला का?

गाडी प्रदर्शनात उभी राहणार असेल, तर झाला. क्लचची वायर तुटली तर बहुधा गाडी ढकलत घरी न्यावी लागते, तेथेही तो फारसा बांधलेला नाही. परंतु ब्रेकचे तसे नाही. घोडा विकणारा आणि घेणारा असे दोघेच त्या जुन्या उदाहरणात आहेत. आपल्या रस्त्यावर तिसरे माणूस असते. शाळेतून परतणारे पोर, मासळीची पाटी घेऊन रस्ता ओलांडणारी बाई. या सौद्यात त्यांची संमती कुणी विचारली? गिऱ्हाईक स्वतःचा धोका पत्करू शकते, त्यांचा नाही. म्हणून असा लिव्हर कारागिराने देऊच नये, घडीव धातूतून कापून द्यावा. मग तो जुन्याहून थोडा जाड दिसला तरी चालेल.

“आम्ही नाही दिला तर शेजारचा देईल,” असे उत्तर येते. ते खरेही आहे. पोटापाण्याची चिंता आम्ही हलकी मानत नाही. पण आमचा अधिक रोष गिऱ्हाइकावर आहे. क्रोमच्या झिलईवर हजारो रुपये उधळणारा मनुष्य ब्रेकच्या वायरीसाठी पन्नास रुपयांची घासाघीस करतो, आणि त्या पन्नास रुपयांतच उलगडलेले पदर व मुरलेला डाख असतो. काम नेताना वायर हँडलवर चढवून, लिव्हर पूर्ण जोराने आठ-दहा वेळा दाबून पाहण्यास पाच मिनिटे लागतात. ही पाच मिनिटे कारागिराने बिलात वेगळी लिहावीत.