बुरूज कोणासाठी, खर्च कोणाचा?

आजचं वाचन : संत लूक, अध्याय १४, ओवी २५ ते ३३



आजच्या वाचनात प्रभू येशू दोन छोटे दाखले देतो. एक माणूस बुरूज बांधायला निघतो. आधी बसून खर्चाचा हिशोब केला नाही, तर पाया घातल्यावर पैसे संपतात आणि जाणारे-येणारे हसतात. दुसरा दाखला राजाचा. समोरून वीस हजारांचं सैन्य येतंय, आपल्याकडे दहा हजार. झेपणार नसेल तर राजा वेळीच दूत पाठवून तहाची बोलणी करतो.

हे वाचन दरवर्षी कानावर पडतं. या वेळी मात्र ते माझ्या डोक्यातून जात नाहीये, कारण आमच्या घरात सध्या असाच एक बुरूज उभा करायचं चाललंय.

माझ्या मावसबहिणीला परदेशातल्या एका विद्यापीठात मास्टर्ससाठी प्रवेश मिळालाय. दोन वर्षांची फी, राहणं, खाणं, विमान, विमा सगळं धरून चाळीस लाखांच्या आसपास. मावशीकडे एवढी रोकड नाही. आहे ती उमेळ्यातली वाडी. थोडी केळी, थोडी भाजी, एक विहीर. काका म्हणतात, "वाडी तारण ठेवू. पोरीच्या शिक्षणापेक्षा मोठी आहे का ती?" मावशी काहीच बोलत नाही. आणि पोरगी मला विचारते, "ताई, देवाची इच्छा काय असेल गं?"

मी बँकेत नोकरी करते. देवाची इच्छा मला माहीत नाही, पण हप्ता काढता येतो. चाळीस लाख, दहा टक्के व्याज, दहा वर्षं : महिन्याला साधारण ५२,९०० रुपये. दहा वर्षांत एकूण ६३ लाखांच्या वर. शिवाय शिकत असताना हप्ता नसला तरी व्याज थांबत नाही, ते मुद्दलात चढत जातं. दुसऱ्या वर्षाची फी भरताना रुपया घसरला तर आकडा आणखी फुगतो. मी हे कागदावर लिहून दिलं तेव्हा काका म्हणाले, "तुझा देवावर विश्वास नाही का?"

हा प्रश्न आपल्यातल्या अनेकांना ऐकावा लागतो. म्हणूनच आजचं वाचन मला मोलाचं वाटतं. हिशोब करणं म्हणजे अविश्वास, असं प्रभू कुठेच म्हणत नाही. उलट "आधी बसा" असंच तो सुचवतो. आपण बहुतेक वेळा उभ्या उभ्याच निर्णय घेतो. मित्र चालले, व्हॉट्सॲप ग्रुपवर व्हिसाचे फोटो आले, प्रवेशाची अनामत भरायची तारीख जवळ आली. बसायला वेळच नाही!

पण इथे एक अडचण आहे. हे दाखले सांगून झाल्यावर प्रभू म्हणतो, की जो आपल्या सर्वस्वाचा त्याग करत नाही, तो माझा शिष्य होऊ शकत नाही. म्हणजे पै-पैचा हिशोब करायला सांगितला आणि शेवटी सगळंच सोडायला सांगितलं. हे कसं जुळायचं?

मला असं समजतं : हिशोब फक्त "परवडेल का?" एवढ्यासाठी नाही. आपण नक्की काय देतोय आणि कशासाठी, हे डोळे उघडे ठेवून बघण्यासाठी आहे. त्यागालाही किंमत माहीत असावी लागते. न बघता दिलेलं दान नसतं, ते फक्त हातातून निसटलेलं असतं.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं उदाहरण घ्या. १९१३ मध्ये ते कोलंबिया विद्यापीठात गेले ते बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर. महिन्याला साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी, आणि बदल्यात बडोदा संस्थानात दहा वर्षं नोकरीचा करार. १९१६ मध्ये ते लंडनला गेले, पण शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये अभ्यास अर्धा टाकून परतावं लागलं. बडोद्यात अस्पृश्यतेपायी राहायला जागासुद्धा मिळेना, नोकरी सोडावी लागली. बुरूज अर्धवट. हसणारेही असतीलच. पण त्यांनी सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी केली, पैसे साठवले, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या मित्राकडून पाच हजारांचं कर्ज घेतलं, आणि १९२० मध्ये पुन्हा लंडन गाठलं. १९२३ मध्ये डी.एस्सी. पूर्ण झाली.

यातून मला दोन गोष्टी दिसतात. पहिली, थांबणं म्हणजे हरणं नव्हे. दुसऱ्या दाखल्यातला राजा तह करतो, तेव्हा प्रभू त्याला भित्रा म्हणत नाही. दुसरी गोष्ट जास्त अवघड आहे. त्या वर्षांत मुंबईत रमाबाईंनी ओढगस्तीत घर चालवलं. पदवीवर त्यांचं नाव नाही, किंमत मात्र त्यांनीही मोजली. बाबासाहेबांनी ते शिक्षण लाखो लोकांसाठी वापरलं आणि रमाबाईंचे कष्टही ते विसरले नाहीत. पण थोरांचं नाव घेऊन आपण आपलं कर्ज पवित्र करून घेऊ नये. "त्यांनीही सोसलं" असं म्हणणं सोपं असतं, विशेषतः सोसणार दुसरं कोणी असेल तर.

म्हणून मी बहिणीला म्हटलं, "पगार किती मिळेल हे नंतर बघू. आधी सांग, हा हप्ता तू फेडू शकली नाहीस तर कोण फेडणार?" ती गप्प झाली. मग म्हणाली, "आई."

माझ्या मते खरा प्रश्न तिथे आहे. शिक्षणाची किंमत फक्त पगाराने ठरत नाही, हे मला मान्य आहे. आनंदीबाई जोशी १८८६ मध्ये अमेरिकेत डॉक्टर झाल्या आणि १८८७ मध्ये गेल्या. परताव्याच्या हिशोबात ते शिक्षण शून्य. पण ते वाया गेलं असं कोण म्हणेल? धोका पत्करणं पाप नाही. पण स्वतःच्या नावावर धोका घेणं वेगळं, आणि आईच्या गप्प बसण्याला होकार समजून तिच्या नावावर घेणं वेगळं. वसईत ज्या हिरव्या पट्ट्यासाठी लोक रस्त्यावर उतरले, त्यातली एक वाडी एकदा गेली की परत येत नाही. मावशीचं आयुष्य त्या विहिरीभोवती गेलंय. तिला कोणी विचारलंच नव्हतं.

हिशोबाला बसायचं तर सगळ्यांनी बसायचं. ज्यांचं जाणार आहे, त्यांनी आधी.

आता ते बसलेत. बहिणीने विद्यापीठाला प्रवेश एक वर्ष पुढे ढकलता येईल का म्हणून लिहिलंय. जे. एन. टाटा एंडोमेंटची कर्ज-शिष्यवृत्ती १८९२ पासून चालू आहे, तिथे अर्ज करणार आहे. मुंबई विद्यापीठाचा आणि आयआयटीचाही पर्याय तिने पहिल्यांदा नीट वाचला. नायगावहून लोकलने जाता येईल असं शिक्षण कमी दर्जाचं, हे आपल्या डोक्यात कोणी भरवलं कोण जाणे! कदाचित ती जाईल, कदाचित नाही. मावशीने एवढंच सांगितलं, "विहिरीकडचा तुकडा नको. बाकीचं बोलू." तिच्या तोंडून "नको" निघालं, हेच मला मोठं वाटलं.

तुमच्यापैकी कोणी अशाच वळणावर असेल तर आज रात्री एक कागद घ्या. एका बाजूला आकडे लिहा. दुसऱ्या बाजूला, हे चुकलं तर ज्यांना भरावं लागेल त्यांची नावं. मग तो कागद त्या माणसांपुढे ठेवा आणि ते बोलेपर्यंत थांबा.

प्रार्थना : हे प्रभो, आम्हाला मोठी स्वप्नं दे आणि ती मोजायचं धैर्यही दे. आमच्या बुरुजाखाली कोणाची जमीन दबणार असेल तर ती आम्हाला आधीच दाखव. जायचं असेल तर कृतज्ञतेने जाऊ दे, थांबायचं असेल तर लाज न बाळगता थांबू दे. आमेन.