धरलेला की उचललेला

उजनीचे दरवाजे उघडले की भोंगा ऐकू यायच्या आधीच आमच्या वस्तीवर बातमी पोचायची. "पाणी सोडलं रं!" एवढी एक हाळी पुरे. मग गळ, फेकजाळी, खताची रिकामी पोती, म्हाताऱ्यांची फाटकी धोतरं, जे हाताला लागेल ते घेऊन माणसं भीमेकडे पळायची. त्यातून आखाड असला तर विचारूच नका. श्रावण लागायच्या आत खाऊन घ्यायचं असायचं.

भिंतीखाली मासा एवढा का गोळा होतो, हे मला पुढं कळलं. पावसाळ्यात नवं पाणी आलं की मासा धारेच्या उलट चढायला लागतो. कटला, रोहू हे साचल्या पाण्यात अंडी घालत नाहीत, त्यांना वाहतं पाणी लागतं. पोटात लाखांनी अंडी घेऊन मादी वर निघते आणि भिंतीपाशी येऊन थांबते. शिवाय दरवाजातून आपटत आलेली बारकी मासळी तिथं आयती मिळते, म्हणून मरळ आणि वामसुद्धा तिथंच घुटमळतात. अमेरिकेत कोलंबिया नदीवर १९३० च्या दशकात बॉनव्हिल धरण बांधलं, तेव्हा माशांना चढायला पाण्याचा जिना ठेवला होता. आपल्याकडे गंगेवर १९७५ साली फरक्का बराज सुरू झालं आणि एके काळी अलाहाबादपर्यंत जाणारा हिलसा खालीच अडला. आमच्या भिंतीला तसा जिना नाही.

आमचं जुनं गाव याच भिंतीच्या वरच्या अंगाला होतं. १९६९ ला धरणाचं काम सुरू झालं, १९८० ला पुरं झालं. ११७ टीएमसीच्या त्या पाण्यात बरीच गावं गेली, त्यांत आमचंही गेलं. जमिनीच्या बदल्यात जमीन मिळाली ती भिंतीच्या खाली.

आण्णांना माशांचा नाद होता. संध्याकाळी गळ टाकून तासन् तास बसायचे. मिळाला तर मिळाला, नाहीतर विडी ओढून परत. पण मी मासे घेऊन दारात आलो की त्यांचा एक ठरलेला प्रश्न असायचा, "धरलेला का उचललेला?"

गळाला लागला किंवा वाहत्या पाण्यात जाळ्यात आला तो धरलेला. त्याला निसटायला जागा होती, आपल्याला चुकायला जागा होती. दरवाजे बंद झाले की पाणी झपाट्यानं उतरतं आणि खडकातल्या डबऱ्यांत मासा अडकून पडतो. तो पोत्यात भरून आणायचा, तो उचललेला. आण्णा उचललेला खात नसत. आई वैतागायची. म्हणायची, "कालवणात काय फरक पडतो का?"

मी बारावीला असतानाची गोष्ट. आखाडाचे शेवटचे दोन-तीन दिवस राहिले होते. पहाटे दरवाजे बंद झाले आणि आम्ही चौघं पोरं उजाडायच्या आत डबऱ्यांवर पोचलो. गुडघाभर पाण्यात रोहू एकमेकांवर चढत होते. हात घालायचा आणि बाहेर काढायचं, एवढंच काम. अर्धं पोतं भरलं. पोटं टरटरलेली, दाबलं की गाबोळी बाहेर. विकून सायकलला दोन टायर घ्यायचे, असा माझा हिशेब होता.

आण्णांनी पोत्यात डोकावून पाहिलं. नेहमीचा प्रश्नही विचारला नाही. मीच घाईनं म्हणालो, "आण्णा, आपण नसते आणले तर दुसऱ्या कुणीतरी नेले असते."

ते खाली बसले. म्हणाले, "जुन्या गावात पाणी चढत होतं तवा आपली खिल्लारी जोडी विकली. चारा पाण्यात गेलेला, नव्या जमिनीचा ताबा न्हाई. बांधू कुठं? घेणारा आला. अर्धी किंमत केली. मी म्हनलं, मालक, जरा वर सरका. तर म्हनला, मी न्हाई घेतली तर दुसरा घेईल, आन् तो याच्याबी खाली घेईल. खरंच बोलत होता. पैसं रोख दिलं. एका पैशाचं खोटं केलं न्हाई. पर त्याच्या वस्तीवर मी परत कधी पानी प्यालो न्हाई."

मग त्यांनी पोत्याचं एक टोक धरलं, दुसरं मला धरायला लावलं. परत नदीवर गेलो. डबऱ्यापासून वाहत्या पाण्यापर्यंत चाळीस पावलं असतील. पोत्यातले बहुतेक मेले होते. सात-आठ जगलेले निघाले, ते सोडले. मी चिडून म्हणालो, "वर भिंत आहे, जाणार कुठं ते?" आण्णा म्हणाले, "खाली नरसिंगपूरला नीरा मिळती. वढं हायेत. बघंल तिचं ती."

मेलेले मासे मात्र त्यांनी फेकू दिले नाहीत. वाटेवर एक मजुराची बाई दोन लेकरं घेऊन डबऱ्यात हात घालत होती. पोतं तिच्यापुढं रिकामं केलं. ते धरलेले की उचललेले, हे त्यांनी तिला सांगितलं नाही. तिलाही कधी तो प्रश्न विचारला नाही.

पुष्कळ वर्षं मी याचा अर्थ सोपा लावला. अडलेल्याकडून घेऊ नये, संपलं. या समजुतीवर मी बरा माणूस म्हणून जगलोही.

मग दुष्काळाचं एक वर्ष आलं. उजनी मायनसमध्ये गेली, पळसदेवचं पाण्यातलं देऊळ उघडं पडलं. लोक गाड्या करून बघायला येत होते, फोटो काढत होते. आमच्या शेजाऱ्याच्या गोठ्यात तीन गाई होत्या. चारा संपलेला, बँकेचा हप्ता थकलेला. तो माझ्याकडे आला. "भाऊ, तुम्हीच घ्या. काय द्यायचं ते द्या." त्यानं सांगितलेली किंमत ऐकून मला आण्णांची खिल्लारी जोडी आठवली. मी हात जोडले. म्हणालो, "तुझ्या अडचणीत मला घ्यायच्या नाहीत." मान ताठ करून घरी आलो. चौथ्या दिवशी व्यापाऱ्यानं त्याच्याही खालच्या भावात गाई नेल्या.

त्या रात्री झोप लागली नाही. आण्णांच्या त्या व्यापाऱ्याचं म्हणणं खरं ठरलं होतं, 'दुसरा याच्याही खाली घेईल.' माझा हात स्वच्छ राहिला आणि शेजाऱ्याचे पैसे मात्र बुडाले. मग त्या पहाटेचं पोतं डोळ्यांपुढं आलं आणि तेव्हा न दिसलेली गोष्ट दिसली. डबऱ्यातला मासा तसाही मरणारच होता. ऊन चढलं की पाणी तापतं, वर बगळे टपलेले असतात. त्याला हात न लावण्यात कसलं आलंय पुण्य? उचलण्यात पाप नव्हतं. उचलून कुठं न्यायचं, हा प्रश्न होता. चुलीकडे की नदीकडे? आण्णांनी तर स्वतःच पोतं उचललं होतं.

मला त्या गाई योग्य भावानं घेता आल्या असत्या. पैसे नव्हते म्हणावं तर दोन गाड्या कडबा तरी देता आला असता, पावसाळ्यापर्यंत. माझ्या बांधापासून त्याचा गोठा चाळीस पावलांवरसुद्धा नव्हता.

शेजारी अजून राम राम करतो. मध्यंतरी त्यानं नवी गाय आणली, पेढे द्यायला आला. मी त्याला आत बोलावलं, चहा केला. तो म्हणाला, "भाऊ, तुम्ही तेव्हा घेतल्या नाहीत ते बरं केलं. माझ्या अडचणीचा फायदा नाही घेतला."

मी काही बोललो नाही. त्याचा चहा पिऊन होईपर्यंत माझा तसाच कपात गार झाला.