केतेवानचे हाड आणि आमचा हिशेब

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही वर्ध्याहून सहकुटुंब गोव्याला गेलो. अम्मीही बरोबर होती. जुन्या गोव्यात बॉम जीझसच्या चर्चमध्ये सेंट झेवियरचे शव चांदीच्या पेटीत ठेवलेले आहे. ते पाहून अम्मीला आपले गिरडचे शेख फरीद बाबा आठवले. लोक तिथेही हात जोडतात, इथेही. त्या बाबतीत आमचे डोके शांत होते.

डोके फिरले ते टेकडीवर. तिथे सेंट ऑगस्टीनचा पडका मठ आहे. 46 मीटर उंच मनोऱ्याचा निम्माच भाग उरला आहे. (मठ आपल्या लोकांनी पाडला नाही, हे वाचून बरे वाटले. पोर्तुगीज सरकारनेच 1835 साली साधूंना घालवले आणि 1842 साली छत कोसळले.) याच मठात जॉर्जियाच्या राणी केतेवानच्या अस्थी पुरल्या होत्या. इराणच्या शाह अब्बासने तिला सुमारे दहा वर्षे शिराजमध्ये कैदेत ठेवले. इस्लाम कबूल कर म्हणाला. ती नाही म्हणाली. 1624 साली तिला तापलेल्या सांडशांनी हालहाल करून मारले. ऑगस्टिनी पाद्र्यांनी तिच्या अस्थींचा काही भाग 1627 साली इथे आणला. पुरातत्त्व खात्याला उत्खननात हाताचे हाड मिळाले. हैदराबादच्या सीसीएमबीने डीएनए तपासला. त्यातला मातृवंशाचा प्रकार भारतीय नमुन्यांत नव्हता, जॉर्जियात होता. 2021 साली भारताने त्या अवशेषांचा एक भाग जॉर्जियाला दिला.

हे सारे मुलीला सांगत होतो. ती म्हणाली, "अब्बू, फिर तो वो शहीद हुई ना?"

आम्ही गप्प. उत्तरे बरीच सुचली. तो शिया, आपण सुन्नी. ते राजकारण होते, तिचा मुलगा बंडखोर होता. दीनमध्ये जबरदस्ती नाही असे कुरआन सांगते, मग शाहचा दोष आपल्या माथी का? सगळी उत्तरे खरी, आणि सगळी पळवाटेची. कारण त्याच शाहने बांधलेल्या इस्फहानच्या मशिदीचे चित्र आम्ही वर्गात छाती फुगवून दाखवतो. तेव्हा तो शिया आहे हे आठवत नाही. मशीद आपली आणि सांडशी त्याची, हा कुठला हिशेब?

एकाचे ओझे दुसऱ्याने उचलायचे नाही, हेही कुरआनच सांगते. इतिहासाच्या तासाला 1689 साल येते, संभाजी महाराजांचे हाल शिकवावे लागतात, तेव्हा याच आधारावर आम्ही उभे असतो. आम्ही औरंगजेबाचे जामीन नाही. तरीही आवाज खाली येतोच. पोरे आमच्याकडे पाहत असतात. त्या दिवशी टेकडीवर वाटले, आवाज खाली येतो तो भीतीने. दुःखाने आला असता तर बरे झाले असते. गुनाह आमचा नाही, पण जिचे हाल झाले तिच्यासाठी दुःख करायला कुणाची हरकत आहे?

"हां बेटा," आम्ही मुलीला म्हणालो, "उसके अपने दीन में वो शहीद है."

"और हमारे में?"

समोर सांता मोनिकाचा जोगिणींचा मठ दिसत होता. 1627 साली, केतेवानच्या अस्थी आल्या त्याच वर्षी, तो बांधून पुरा झाला. त्यातली शेवटची जोगीण 1885 साली वारली. मुलीला तिकडे नेऊ म्हटले, पण ती हलेना. "दादी, इसके लिए दुआ कर सकते?"

मसला आम्हांला ठाऊक होता. आम्ही तो सांगितला नाही. अम्मीने डोक्यावरचा पदर नीट केला आणि त्या रिकाम्या चौथऱ्यापाशी थोडा वेळ उभी राहिली.