तालमीचं दार चाळिशीनंतरही उघडं हवं

बेळगावात पहाटे किल्ला तलावाकाठी किंवा टिळकवाडीच्या व्हॅक्सिन डेपोवर पन्नाशीची माणसं नेटाने चालताना दिसतात. चालणं चांगलंच. पण पोट सुटलं म्हणून अनेक जण त्याच्या जोडीला रात्रीचं जेवण तोडतात, एकादशीला आणखी दोन उपास जोडतात आणि काटा पाच-सहा किलो खाली आला की जिंकल्यासारखं वाटून घेतात. त्यात चरबी किती गेली आणि स्नायू किती, हे कुणी विचारत नाही. नुसतं खाणं कमी करून उतरवलेल्या वजनाचा जवळपास चौथा हिस्सा चरबीचा नसतो, त्यात स्नायूही जातात. आधीच तिशीनंतर दर दहा वर्षांत स्नायूंचा ३ ते ८ टक्के भाग झिजत असतो. त्यात ही भर.

आपल्या भारतीयांना तर हा तोटा मुळीच परवडणारा नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच मापं छापली. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचं माप, सारखाच, २२.३. पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या २१.२ टक्के. दिसायला सडपातळ आणि आतून चरबीचा, असा आपल्यातल्या पुष्कळांचा बांधा. जेवणातली साखर सर्वांत जास्त खेचून घेणारा अवयव म्हणजे स्नायू. तोच घटवून मधुमेहाला रोखू पाहणं हा उलटा उपाय आहे.

खेदाची गोष्ट ही की, याचं उत्तर आपल्या गल्लीतच आहे. बेळगावला आनंदवाडीचा आखाडा आहे, तालुक्यात गावोगावी तालमी आहेत, आणि पलीकडे कोल्हापूरला शाहू महाराजांनी कुस्तीला राजाश्रय दिला. जोर, बैठका, मुद्गल हा सगळा स्नायू राखण्याचाच व्यायाम. पण आपण तो पोरांपुरता ठेवला. चाळिशी उलटलेला माणूस लंगोट बांधायला गेला तर ‘आता काय मैदान मारायचंय?’ म्हणून लोक हसतात. बायकांना तर बहुतेक तालमींचा उंबराही ओलांडता येत नाही. शरीर कमावण्याचा हक्क वयावर आणि लिंगावर ठरवणं हा सरळ अन्याय आहे.

निपाणीत मांडीवर सूप घेऊन तासन्‌तास बिड्या वळणारी बाई पाहा. बोटं सतत चालतात, मांड्या आणि पाठ मात्र आखडून जातात. पन्नाशीत ती जमिनीवरून उठताना आधी गुडघ्यावर हात टेकते, मग भिंत धरते. आपण म्हणतो, वय झालं. तिच्या ताटात सगळ्यांचं वाढून झाल्यावर उरलेली भाकरी आणि आमटीचं वरचं पाणी येतं, तेही आपण सोयीने विसरतो. वजन उतरवताना माणसाला किलोमागे रोज सुमारे १.२ ग्रॅम प्रथिनं हवीत, म्हणजे साठ किलोच्या बाईला ७२ ग्रॅम. त्यासाठी महागडे डबे लागत नाहीत. हुलगे, मसूर, शेंगदाणे, दही, अंडी हे सगळं इथल्या बाजारात मिळतं. कमी करायचं ते भाताचं दुसरं वाढप, तेल आणि कुंदा. ज्यांची मूत्रपिंडं अधू आहेत त्यांनी मात्र प्रथिनं डॉक्टरांना विचारूनच वाढवावीत, आणि मधुमेहाच्या गोळ्या-इन्सुलिन घेणाऱ्यांनी त्यांना विचारल्याशिवाय उपास करू नयेत.

व्यायामाची सुरुवात खुर्चीपासून होते. हात छातीशी धरून खुर्चीवर बसायचं, तसंच उठायचं. दहा वेळा सहज जमलं की हातात पाण्याच्या भरलेल्या बाटल्या घ्यायच्या. जोर आधी भिंतीवर, मग ओट्यावर, मग जमिनीवर. जागतिक आरोग्य संघटना आठवड्यातून किमान दोन दिवस असा ताकदीचा व्यायाम सांगते. उशीर झाला असं मानू नका: १९९० साली प्रसिद्ध झालेल्या बोस्टनमधल्या एका अभ्यासात नव्वदीच्या आसपासच्या दुबळ्या वृद्धांनी आठ आठवडे पायांनी वजन उचललं आणि त्यांच्या पायांतली ताकद दुपटीहून जास्त वाढली.

तालमींच्या विश्वस्तांना आणि गल्लीच्या पंचांना म्हणून विनंती आहे: पोरांचा सराव संपला की सकाळचा एक तास चाळिशीपुढच्यांना द्या आणि आठवड्यातले तीन दिवस संध्याकाळची तालीम फक्त बायकांसाठी ठेवा. शिकवायला गावातलेच जुने पैलवान पुरेत. आणि घराघरांतल्या कर्त्यांनो, आजपासून पहिलं अंडं आणि आमटीतली घट्ट डाळ घरच्या बाईच्या ताटात वाढा.