खोलीला काय हवंय?

गणपती यायच्या आदल्या आठवड्यात मराठी घरांत एक मोठं काम होतं आणि त्याला आपण ‘इंटिरिअर’ असं कधीच म्हणत नाही. दारातून आत पाऊल टाकताच नजरेत भरेल अशी भिंत आधी ठरते. तिथला सोफा समोरच्या बाजूला सरकतो, कॅलेंडर उतरतं, वर्तमानपत्रांची रद्दी माळ्यावर जाते. टेबलावर पाट येतो, पाटामागे आईची जुनी जरीची साडी चुण्या घालून लावली जाते. ट्यूबलाइटच्या उजेडात मूर्तीचा चेहरा सपाट दिसतोय हे कुणाच्या तरी लक्षात येतं, मग दोन बाजूंना दोन पिवळे दिवे लागतात. गोव्यात मूर्तीच्या वर माटोळी बांधतात. लाकडी चौकटीला नारळ, सुपाऱ्यांचे घड, रानातली फळं-फुलं टांगतात. तळकोकणातही हीच रीत आहे. संध्याकाळपर्यंत रोजची बसायची खोली निराळी होऊन जाते.

खोली सजवायला जे कळावं लागतं, ते सगळं या आरासीत आलेलं आहे. एक जागा महत्त्वाची मानायची, तिच्या आसपासची गर्दी हटवायची, मागची बाजू शांत ठेवायची, उजेड कुठून येतो ते पाहायचं आणि घरात जे आहे त्यातून निवड करायची. हे आपल्याला कुणी शिकवलेलं नसतं, तरी जमतं, कारण आपण ते कुणासाठी करतोय हे पक्कं ठाऊक असतं. विसर्जन झालं, सोफा जागेवर गेला, की ही नजर वर्षभरासाठी बाजूला पडते. पुढे कधी घर ‘करून घ्यायचं’ ठरलं तर आपण फोन हातात घेतो, शेकडो फोटो साठवतो आणि त्यातला एखादा सुताराला दाखवून म्हणतो, “अस्सं पाहिजे.”

फोटो पाहण्यात गैर काही नाही. चांगलं काही पाहिल्याशिवाय नजर तयार होत नाही. मात्र फोटोत खोलीचं रूप येतं, ती तशी का झाली हे येत नाही. ती कुठल्या गावात आहे, तिची खिडकी कुठल्या दिशेला आहे, तिथे पावसाळ्यात भिंतींना ओल येते का, तिथे कोण राहतं, यातलं काहीच फोटो सांगत नाही. आणि खोलीचं रूप तर या कारणांतूनच आलेलं असतं. माझं म्हणणं एवढंच आहे की प्रेरणा जगात कुठूनही घ्यावी, पण घेताना त्या घरामागचं कारण घ्यावं. रूप आपोआप आपलं होतं.

सध्या ‘स्कँडिनेव्हियन’ म्हणून जी सजावट सगळीकडे दिसते तीच घ्या. पांढऱ्या भिंती, फिक्या रंगाचं लाकूड, मोकळ्या खिडक्या. स्टॉकहोममध्ये डिसेंबरात दिवस जेमतेम सहा तासांचा असतो. तिथे मिळेल तो उजेड भिंतींवरून परतवून खोलीभर पसरवणं ही गरज आहे, म्हणून भिंत पांढरी. नागपुरात किंवा सोलापुरात पश्चिमेच्या खोलीला तोच लख्ख पांढरा रंग दिला तर एप्रिलच्या दुपारी डोळे दिपतात. आपल्याकडचा प्रश्नच उलटा आहे. उजेड भरपूर आहे, तो सौम्य करून आत घ्यायचा आहे.

स्वीडनमधल्या ज्या घराने तिथल्या लोकांना घर सजवण्याची नवी दृष्टी दिली ते मुळात पांढरं-फिकं नव्हतंच. चित्रकार कार्ल लार्सन आणि त्यांची पत्नी कारिन यांना १८८८ मध्ये कारिनच्या वडिलांनी सुंडबोर्न या गावातलं एक लहानसं घर दिलं. त्या काळी सुखवस्तू घरांत गडद रंग आणि जाडजूड पडद्यांची चाल होती. या दोघांनी खिडक्या मोकळ्या केल्या, खिडकीत रोपं ठेवली, जुन्या फर्निचरलाच नवे रंग दिले. जेवणाची खोली लाल-हिरवी केली. कारिन स्वतः चित्रकार होती. तिने पडदे, उशांचे अभ्रे, टेबलावरची वस्त्रं स्वतः योजून विणली. लार्सनने या घराची जलरंगातली चित्रं १८९९ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली आणि ती देशभर पोहोचली. या घराचं अनुकरण पुष्कळ झालं. त्यातला घेण्याजोगा धडा लाल-हिरव्या रंगाचा नाही. राहणाऱ्यांनी आपलं घर आपल्या हातांनी, जवळ आहे त्यातून, मुलांच्या वावराला सोयीचं होईल असं घडवलं, हा तो धडा आहे. तो कोथरूडच्या दोन खोल्यांनाही लागू पडतो.

आपल्या जुन्या घरांकडेही याच नजरेने पाहायला हवं. वाड्याची नक्कल म्हणून आज फ्लॅटमध्ये प्लायवूडचे खांब आणि महिरपी बसवल्या जातात. वाड्यातले कोनाडे का होते? भिंती रुंद होत्या, त्या जाडीतच दिव्याला, पोथीला, पानाच्या डब्याला जागा मिळायची आणि जमिनीवर काही ठेवावं लागत नसे. आजची सहा इंची भिंत कोनाडा देऊ शकत नाही, पण त्यामागचा विचार घेता येतो. जमीन मोकळी ठेवा, वस्तू भिंतीला द्या. दाराच्या वरची रिकामी पट्टी, खिडकीच्या दोन बाजूंच्या अरुंद जागा, कॉलममुळे तयार झालेली खाच, इथे साध्या फळ्या बसवल्या की आजच्या घराचे कोनाडे झाले. वाड्याला रस्त्याच्या बाजूने खिडक्या कमी असत आणि उजेड यायचा तो मधल्या चौकातून. तो ओसरीवर येईपर्यंत निवलेला असायचा. विदर्भात उन्हाळ्यात दाराला वाळ्याचे पडदे लावून त्यांवर पाणी मारत, त्यामागचा हिशेबही तोच. तिरुअनंतपुरमला वास्तुकार लॉरी बेकर यांनी विटांच्या जाळ्या उभारल्या. हवा आत येते, उन्हाचा झोत तुटतो आणि भिंतीवर नक्षीही पडते. गॅलरीला बांबूची चिक लावणारी गृहिणी नकळत बेकरांच्याच वाटेने जात असते.

वर्ध्याजवळच्या सेवाग्राममध्ये हा विचार त्याच्या मुळाशी दिसतो. गांधीजी १९३६ मध्ये तिथे राहायला आले. आज जिला आपण बापूकुटी म्हणतो ती मुळात गांधीजींच्या शिष्या मीराबेन यांची झोपडी. भिंती मातीच्या, वर बांबू आणि कौलं. सजावट म्हणाल तर मीराबेनने भिंतीच्या मातीतच हाताने उठवलेली ताडाची झाडं आणि चरखा. बाहेर दिसणारं झाड आणि आत चालणारं काम, दोन्ही भिंतीवर आली. वेगळं सामान आणावं लागलं नाही. सगळ्यांनी तसं राहावं असं मी म्हणत नाही. पण ती खोली पाहून बाहेर पडताना कुणाला तिथे काही कमी आहे असं वाटत नाही, याचा विचार घर सजवणाऱ्याने जरूर करावा.

जागा वापरण्याचं खरं शिक्षण मात्र मुंबईच्या चाळींनी दिलं. बीडीडी चाळीतली खोली १६० चौरस फुटांची. त्याच खोलीत सकाळी स्वयंपाक, दुपारी शिवणाचं मशीन, संध्याकाळी मुलांचा अभ्यास आणि रात्री सगळ्यांची अंथरुणं. पोटमाळा, भिंतीतली मांडणी, पलंगाखालच्या ट्रंका, दाराआडच्या खुंट्या, घडीचं टेबल. आज मासिकांतून ‘मल्टिपर्पज’ म्हणून जे दाखवलं जातं ते चाळीतल्या बायकांनी रोजच्या रेट्यातून सिद्ध केलं होतं. २०२५ च्या ऑगस्टमध्ये वरळीच्या बीडीडी चाळींतल्या पहिल्या काही कुटुंबांना पुनर्विकासातल्या ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. अशा घरात गेल्यावर पहिला मोह असतो तो मोठा सोफा, मोठा टीव्ही, भिंतभर शोकेस यांचा. तो समजण्यासारखा आहे. इतकी वर्षं अडचण सोसलेल्या माणसाने ऐसपैस बसावंच. पण जी मोकळी जागा आयुष्यात पहिल्यांदा मिळाली तीच सामानाने भरून टाकू नये, असं कळकळीने सांगावंसं वाटतं. मोकळी जमीन हीसुद्धा घरातली एक संपत्ती आहे.

साध्या बदलाने काय होतं ते मी माझ्या मावशीच्या घरी पाहिलं. बाहेरची खोली दहा बाय बारा, पश्चिमेला एकच खिडकी. खिडकीला जमिनीपर्यंत येणारे मरून पडदे, समोर टीव्ही, टीव्हीकडे तोंड करून सोफा, मधे काचेचं टीपॉय आणि छताच्या मध्यावर पांढरी ट्यूब. मावशीला ही खोली उदास वाटायची. “रंग काढून घेते, नाहीतर फॉल्स सीलिंग करते,” असं तिचं चाललं होतं. मी विचारलं, “मावशी, तू दिवसभरात या खोलीत बसतेस कुठे?” ती थबकली आणि म्हणाली, “अगं, मी बसतच नाही इथे. पेपर वाचायला आत जाते, इथे अंधार असतो.” खोलीची सगळी अडचण या एका उत्तरात आली.

मग आम्ही आधी खोली रिकामी केली. टीपॉय आत गेलं. मरून पडदे उतरवून त्या जागी सुती, फिक्या राखाडी रंगाचे पडदे आले, त्यामुळे ऊन अडतं आणि उजेड येतो. सोफा खिडकीला काटकोनात लावला. खिडकीपाशी आजोबांची वेताची खुर्ची, तिच्यावर मावशीनेच शिवलेली गोधडी घडी करून, बाजूला पेपर आणि चष्म्यासाठी छोटं स्टूल. माळ्यावरचं तांब्याचं घंगाळ चिंच-मीठ लावून लख्ख केलं आणि त्यात मनीप्लांटची कुंडी बसवली. पुण्याच्या तांबट आळीत ठोकलेल्या भांड्यावर मठारकामाचे बारीक ठसे असतात. तिरपं ऊन पडलं की तो प्रत्येक ठसा वेगळा चमकतो. टाइल्स पुसताना लक्षात आलं की चटईखाली इतकी वर्षं छान हिरवट मोझेक झाकली गेली होती. चटई पुन्हा अंथरलीच नाही. खर्च झाला तो पडद्यांचा आणि एका दिव्याचा.

दिव्याबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण कमी पैशांत सर्वांत मोठा फरक तोच करतो. आपल्या बहुतेक खोल्यांत एकच दिवा असतो, तोही छताजवळ आणि थंड पांढरा. एलईडीच्या खोक्यावर केल्व्हिनमध्ये आकडा छापलेला असतो. ६५०० म्हणजे भर दुपारसारखा निळसर पांढरा, २७०० ते ३००० म्हणजे जुन्या पिवळ्या बल्बसारखा उबदार. ओट्यावर भाजी चिरायला पांढरा प्रकाश चांगला. बसायच्या आणि झोपायच्या खोलीत संध्याकाळी उबदार प्रकाश हवा, तोही डोळ्यांच्या पातळीच्या आसपास, दोन-तीन ठिकाणी विभागलेला. खुर्चीमागे एक, कोपऱ्यात एक. खोलीच्या सगळ्या भागांवर सारखाच उजेड नसला की तिला गहिरेपणा येतो आणि माणसांचे आवाजही आपोआप खाली येतात.

रंगाचंही तसंच आहे. सगळं घर रंगवायची गरज नसते. बारा फुटी एका भिंतीला दोन हात द्यायला साधारण दोन लिटर रंग पुरतो. कुठली भिंत? गणपती जिथे बसवता ती. घरातल्या सगळ्यांनी मिळून निवडलेली तीच एक भिंत असते. रंग निवडताना दुकानातल्या कार्डावर विसंबू नये. नमुन्याचा डबा आणून भिंतीवर हातभर पट्टा मारावा आणि तो सकाळी, दुपारी आणि दिव्याच्या उजेडात पाहावा. कापडाला तर आपल्याकडे तोटाच नाही. सोलापुरी चादर, इचलकरंजीचं सुती कापड, खणाचे अभ्रे. यातलं एक खोलीत बोलू द्यावं, बाकीच्यांनी ऐकावं. वारली चित्र लावायचं तर छापील स्टिकरऐवजी कलाकाराकडून घेतलेलं छोटंसं का होईना, खरं चित्र लावावं. गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने लग्नाचा चौक लिहिणाऱ्या बायकांची ही कला जिव्या सोमा मशे यांनी कागदावर आणि कॅनव्हासवर आणून जगभर नेली. तिचा मान राखणंही सजावटीतच येतं.

एक गोष्ट मात्र कुठल्याही हौसेच्या वर आहे. घरात कोण राहतं? म्हाताऱ्या माणसाला खोल, मऊ सोफ्यातून उठता येत नाही, त्याला ताठ पाठीची, हात असलेली खुर्ची लागते. रांगणाऱ्या मुलाला मोकळी फरशी लागते. परीक्षेच्या वर्षातल्या मुलीला दाराकडे पाठ न येणारी एक शांत जागा लागते. आजीला शोकेसमधली ती रंग उडालेली सावंतवाडीची लाकडी फळं हवीच असतात आणि ती रंगसंगतीत बसत नाहीत म्हणून माळ्यावर टाकणं हा अन्याय आहे. ज्या घराच्या सजावटीत घरातल्या माणसाला बसायला जागा राहत नाही, ते घर कितीही देखणं असलं तरी फसलेलं आहे.

भाड्याच्या घरात राहणाऱ्यांनीही हे सगळं पुढच्या घरावर ढकलू नये. खिळा ठोकायची परवानगी नसेल, पण खुर्ची खिडकीपाशी नेता येते, दिवा बदलता येतो, पडदा बदलता येतो. अकरा महिन्यांचा करार असला तरी ते अकरा महिने तुमच्याच आयुष्यातले आहेत.

तेव्हा येत्या रविवारी खरेदीला बाहेर पडण्याआधी एक खोली निवडा. सकाळी, दुपारी आणि दिवेलागणीला तिथे थोडा थोडा वेळ नुसते बसा. ऊन कुठून येतं, वारा कुठे अडतो, पाय कशाला लागतो, घरातलं कोण कुठे बसतं आणि कोण बसतच नाही, हे पाहा. मग तीन वस्तू बाहेर काढा आणि एक जागची हलवा. नवीन काय आणायचं ते त्यानंतर ठरवा. बहुतेक वेळा यादी निम्म्यावर येते.