टनामागचे तास

उसाचा हंगाम आटोपून टोळ्या माघारी आल्या म्हणजे पिंपळनेरच्या पश्चिमेला, गुजरातच्या सरहद्दीपर्यंत पसरलेल्या पाड्यांवर हिशेबाचे दिवस सुरू होतात. अशाच एका हिशेबाला काही वर्षांपूर्वी मी साक्षीदार म्हणून बसलो होतो. ओसरीवर घोंगडी अंथरलेली. एका अंगाला कारखान्याशी तोडणी-वाहतुकीचा करारनामा केलेला ट्रॅक्टरमालक मक्तेदार, दुसऱ्या अंगाला त्याच्याकडून उचल घेऊन 12 कोयत्यांची, म्हणजे 12 जोडप्यांची, टोळी भरून देणारा मुकादम, म्हणजे पोटमक्तेदार, आणि मध्ये मुकादमाची शाळकरी वही. वहीत तारखा होत्या, तारखांपुढे टन होते, आणि समासात काही तारखांशी पेन्सिलीने काढलेले लहान लहान गोल होते. गोल कशाचे, असे मक्तेदाराने विचारले, तेव्हा मुकादम म्हणाला, त्या रात्री मोळ्या बांधून तयार होत्या, गाडी आली नाही, आणि टोळी उजाडेपर्यंत फडात बसून राहिली. असे 19 गोल होते. मक्तेदाराने वजनपावत्यांचा गठ्ठा पुढे सरकवला आणि शांतपणे सांगितले की, टन किती झाले ते यात आहे, तासांचे बोलणे आपल्यात झालेच नव्हते. दाराशी पोर कडेवर घेऊन उभी असलेली एक बाई तेवढ्यात बोलली, "दादा, रात आमनी गई."

तिच्या त्या चार शब्दांनी वादाचे मर्म उघडे केले, असे मला तेव्हाही वाटले आणि आजही वाटते. तंटा मक्तेदार आणि पोटमक्तेदार यांचा होता, रक्कम त्या दोघांच्या देण्याघेण्याची होती. परंतु ज्या तासांवरून तो पेटला, ते तास त्या दोघांपैकी कोणाचेच नव्हते. ज्यांचे होते, त्यांचे नाव करारनाम्यात नव्हते, आणि बोलणी चालली असता त्यांची जागा घोंगडीवर नसून दाराशी होती.

टन हे माप वरवर निरपवाद दिसते. तराजू पक्षपात करीत नाही, जितके तोडाल तितके घ्याल, असा त्याचा न्याय. आणि धडधाकट जोडप्याला तो पुष्कळदा रुचतोही. पण उसाच्या कामात तोडणीबरोबर भरणी येते, भरणीसाठी गाडी यावी लागते, आणि गाडी केव्हा यावी हे कारखान्याच्या गव्हाणीपुढच्या रांगेवर अवलंबून असते. रांग लांबली की गाडी अडकते, गाडी अडकली की टोळी अडकते. तोडलेला ऊस दरम्यान वाळतो आणि वजनाला घटतो. म्हणजे वाट पाहण्याचा तास मजुराला बिनमोलाचा तर जातोच, शिवाय त्याने आधी केलेल्या कामाचे मोलही कमी करून जातो. ही दुहेरी तूट वजनपावतीवर कोठेही दिसत नाही, कारण पावती काट्यावर जे चढले तेवढेच सांगते.

मुकादमाची स्थिती मोठी अवघड असते. मक्तेदारापुढे तो ऋणको आणि टोळीपुढे धनको. उचल त्याच्या अंगावर दिलेली असते, तीच तो कोयत्यागणिक वाटतो, हंगामात खाण्यापुरती खावटी देतो, आणि हंगामाअखेर सारे वजा घालून कोणाची उचल फिटली व कोणाच्या अंगावर बाकी राहिली ते सांगतो. वरून बुडालेला पैसा त्याला खालूनच वसूल करावा लागतो. म्हणून ते 19 गोल मान्य झाले नाहीत तर त्यांचा भार मुकादमाच्या खिशावर पडणार नव्हता; तो पुढच्या दिवाळीनंतर पुन्हा कोयता उचलायला लावणारी बाकी होऊन पाड्यावरच्या 12 जोडप्यांवर पडणार होता. डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी 1970 च्या दशकात गुजरातेतल्या बारडोलीच्या उसाच्या मुलखात जाऊन याच व्यवस्थेचा अभ्यास केला, तेव्हा त्यांच्यासमोर आलेले तोडकरी फार मोठ्या संख्येने खानदेशचे, म्हणजे आमच्याच मुलखातले होते.

कायदा याबाबतीत मुका नाही. 1948 च्या किमान वेतन कायद्याच्या 17 व्या कलमाने सांगून ठेवले की, काम नगावर असले तरी, जेथे नगाचा नव्हे तर वेळेवरचा किमान दर ठरलेला आहे तेथे त्याहून कमी मजुरी देता येणार नाही. 2019 च्या वेतन संहितेनेही हे तत्त्व राखले. 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्याने तर मक्तेदाराने मजुरी चुकविली तर ती मूळ मालकाने द्यावी आणि मग मक्तेदाराकडून वसूल करावी, असा दंडक घातला. दिल्लीतील आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकामांवर मक्तेदार जमादाराच्या हाती दररोज माणशी 9 रुपये 25 पैसे ठेवीत, जमादार त्यातला 1 रुपया आपली दलाली म्हणून कापून घेई आणि मजुराला 8 रुपये 25 पैसे मिळत. त्या प्रकरणी 1982 साली सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, किमान वेतनाहून कमी मोलावर घेतलेले काम ही घटनेच्या 23 व्या अनुच्छेदाने निषिद्ध केलेली वेठ होय. दरही वाढतात, गुजरात सरकारने 2023 साली तोडणीचा किमान दर टनाला 238 रुपयांवरून 476 रुपयांवर नेला. दुप्पट वाढ ही लहान गोष्ट नव्हे. तरीही दर टनाचाच राहिला, आणि जी रात्र टनात उतरत नाही तिला दुप्पट दरानेही काही मिळत नाही.

अशा तासांचा हिशेब ठेवणे अशक्य असते असे कोणी म्हणेल, तर त्याने पांझरेच्या काठी यावे. या नदीवर बंधारे बांधून, पाट काढून, शिवाराचे फड पाडून पाणी वाटून घेण्याची फडपद्धत येथे काही शतके नांदली. पाटकऱ्याने पाळीने पाणी द्यावे, जागल्याने राखण करावी, आणि पाणी कमी पडले तर ती तूट सर्वांनी मिळून सोसावी, ही रीत कोणत्याही छापील करारनाम्यावाचून अशिक्षित शेतकऱ्यांनी पाळली. ज्या खोऱ्याने पाण्याच्या पाळीचा इतका चोख हिशेब राखला, त्याच खोऱ्यातली माणसे परमुलखातल्या उसाच्या फडात जाऊन बसतात, तेव्हा त्यांच्या पाळीचा हिशेब पेन्सिलीच्या गोलावाचून कोठे नसावा, याचे मला अतोनात दुःख होते. शब्द तोच, फड; परंतु एका फडातली तूट सर्वांनी वाटून घ्यायची आणि दुसऱ्यातली सारी तूट सर्वांत खालच्याने सोसायची.

मक्तेदार दुष्ट नव्हता. त्याचा ट्रॅक्टरही रांगेत उभा राहिला होता, त्याच्याही कर्जाचे हप्ते चालू होते, आणि त्या खोळंब्याचे त्यालाही कोणी काही दिले नव्हते. तासांचे बोलणे झालेच नव्हते, हे तो म्हणाला ते खरे होते. फक्त त्याने तो खोळंबा वर पाठविण्याऐवजी खाली पाठविला. वास्तविक त्याच्या गठ्ठ्यातल्या प्रत्येक पावतीवर गाडी काट्यावर केव्हा चढली याची वेळ छापलेली होती. मी ती त्याला दाखविली. मोळ्या बांधून झाल्याची वेळ फडातच चिठ्ठीवर लिहून गाडी आल्यावर टोळीतल्या एकाची आणि चालकाची सही घेतली आणि ती चिठ्ठी पावतीला जोडली, तर दोन वेळांमधले अंतर कोणालाही नाकारता येणार नाही, आणि ते कारखान्यापुढे मांडताही येईल, असे मी म्हटले. तो बराच वेळ पावत्या उलटसुलट करीत राहिला.

शेवटी 19 गोलांपैकी 7 धरले गेले, तेही खावटीतून वजा म्हणून. मुकादमाने वही मिटण्यापूर्वी ते 7 गोल पेन्सिलीने भरून काळे केले. उरलेले 12 तसेच राहू दिले. दाराशी उभ्या असलेल्या बाईने पोर दुसऱ्या कडेवर घेतले आणि तिच्या रात्री कोणत्या गोलांत धरल्या, असे त्याला विचारले.