गावकीची भांडी

पुष्कळ गावांत देवळाशेजारच्या खोलीत अजून गावकीची भांडी असतात. मोठाली पातेली, पराती, झारे, ओगराळी, ताटं-वाट्यांच्या चळती. कुणी वडिलांच्या वर्षश्राद्धाला दिलेली, कुणी मुलाच्या लग्नात. काठावर नाव कोरलेलं. कार्य निघालं की वहीत नोंद करून न्यायची, घासूनपुसून मोजून परत करायची, वाटी कमी भरली तर भरून द्यायची. जे एका घराला आयुष्यात दोन-चारदा लागणार, ते सगळ्या गावाने मिळून एकदाच घेतलेलं.

मग थर्माकोलच्या पत्रावळी आल्या. देवळातली भांडी काही फुटली नव्हती. घासायला माणसं उरली नाहीत. पूर्वी पंगती उठल्या की शेजारच्या चारजणी राख घेऊन बसायच्या, कारण उद्या त्यांच्या दारी मांडव पडला की इथली बाई तिकडे बसणार होती. मुलं शहरात गेली, केटरर आला, आणि ही फेड चुकती करायची कुणालाच गरज राहिली नाही. शेजारणीला हाक मारण्यापेक्षा शेकडा भावाने ताटं आणणं सोपं झालं. 2018 मध्ये राज्य सरकारने थर्माकोलच्या ताटांवर बंदी घातली. कागदी ताटं-पेले आले; त्यांतल्या पुष्कळांना आतून प्लास्टिकचाच पातळ थर असतो. मांडवामागचा ढीग होता तेवढाच राहिला. तुटलेला शेजार सरकारी अधिसूचनेने कसा सांधणार?

जुन्या पंगतींचे गोडवे मात्र मला गायचे नाहीत. कुणी कुठे बसायचं ते जात ठरवायची. राखेत हात बायकांचेच असायचे. पुरुष ओसरीवर पान जमवत बसलेले. टाकाऊ ताटाने त्या बायकांची कंबर सोडवली, हे कबूल न करता पर्यावरणावर भाषण देणं हा शुद्ध ढोंगीपणा आहे.

तेव्हा घरात बारसं, साखरपुडा, साठी असं काही ठरत असेल, तर ताटांची ऑर्डर देण्याआधी देवळातल्या त्या वहीची चौकशी करा. आणि भांडी घासणाऱ्यांची यादी करायला बसाल, तेव्हा पहिली चार नावं घरातल्या पुरुषांची लिहा.